वर्ग चारची जागा

"मुलीचं नाव लिहा," आबाकाका म्हणाले.

खरमाळेंनी पेनाचं टोपण काढलं, पण लिहिलं काहीच नाही. ते बाबांच्या पाटबंधारे कार्यालयातले आस्थापनेचे कारकून. रुजू होणं, बदली, रजा, मृत्यू, सगळ्यांचे कागद त्यांच्या टेबलावरून पुढे जायचे. बाबांचं तेरावं नुकतंच झालं होतं, आणि आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात खरमाळे खुर्चीच्या कडेवर टेकून बसले होते, पूर्ण बसलं तर कुणाला राग येईल अशा बेताने.

"तशी घाई नाही," ते म्हणाले. "पण साहेबांचं म्हणणं, अनुकंपाचं प्रकरण लगेच वर पाठवू. आत्ता जागा आहेत. मागाहून यादी लांबली की वर्षं जातात."

सरकारी माणूस नोकरीत असताना गेला, की त्याच्या घरातल्या एकाला नोकरी मिळते. एकालाच. हे मला त्या आठवड्यात इतक्या जणांनी समजावून सांगितलं होतं, की बाबा कालव्यावरून परत येताना जीपमध्ये गेले यापेक्षा हीच बातमी मोठी वाटावी.

"आमची वैजू एम.एस्सी. आहे, पहिल्या वर्गात," काका म्हणाले. ते बाबांचे थोरले भाऊ, संगमनेरला हेडमास्तर होते. कुणाबद्दलही बोलताना आधी त्याचा वर्ग सांगायचे. "कारकुनाची जागा तिला हसत मिळेल."

"मिळेल ना. टायपिंगला मुदतही असते." खरमाळेंनी माझ्याकडे पाहिलं. "पण ते बंगलोरचं?"

बंगलोरचं साऱ्या वसाहतीला माहीत होतं. जून महिन्यात बाबांनी स्वतः घरोघरी पेढे दिले होते. तिथल्या एका संस्थेत मला पीएच.डी.ला प्रवेश मिळाला होता, सोबत फेलोशिप. दर महिन्याला पैसे, राहायला वसतिगृह, काम करायला प्रयोगशाळा. अटी दोनच. एक ऑगस्टला हजर व्हायचं, आणि कुठेही पगारी नोकरी करायची नाही. मी गेले नाही तर प्रतीक्षा यादीतला पुढचा मुलगा जाणार.

"बंगलोरचं काय?" काका म्हणाले. "घड्याळाच्या काचेत आकडे उमटतात ना, त्याचा म्हणे पाच वर्षं अभ्यास करायचा. आकडे आधीच उमटतायत. आता काय अभ्यास?"

"द्रवरूप स्फटिक," मी पायरीवरून म्हणाले.

"तेच ते. पुढच्या वर्षी कर. लग्नानंतर कर. स्फटिक कुठे पळून चाललेत?"

खरमाळे कागदावर वाकले. तेवढ्यात आई दारात आली. हाताला पीठ होतं.

"माझं नाव लिहा," ती म्हणाली.

काकांना वाटलं तिने काहीतरी भलतंच ऐकलंय. "इंदुमती, नोकरीसाठी नाव चाललंय."

"ऐकलं मी. माझं लिहा."

"वहिनी," खरमाळे हळूच म्हणाले, "तुमचं शिक्षण..."

"नववी."

"मग वर्ग चार येईल. म्हणजे—"

"म्हणजे शिपाई. लग्न झाल्यापासून या वसाहतीत आहे मी, खरमाळे. वर्ग चार मला समजावून सांगू नका."

काका उठून उभे राहिले. "शाखा अभियंत्याची बायको त्याच्याच ऑफिसात शिपाई होणार?"

"कुणीतरी होतंच की, आबा."

खरमाळेंनी पेनाला टोपण लावलं. "घरात ठरवा तुम्ही," ते म्हणाले. "फक्त एक लक्षात ठेवा. ज्याचं नाव द्याल, त्याला बाकीच्या वारसांचं ना हरकत लागतं. तहसीलदारांसमोर सही. आणि वारस तुम्ही दोघीच."

म्हणजे आई माझ्याशिवाय काही करू शकत नव्हती आणि मी आईशिवाय.

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. आई भाकरी थापत होती, जरा जोरातच.

"असं चारचौघांत काहीतरी बोलू नकोस," मी म्हणाले. "नोकरी मी घेतेय. माझं ठरलंय."

"मी सही करणार नाही."

"मग तुझ्यासाठी मी करणार नाही."

"नको करूस. बसू दोघी. सरकारचा एक पगार वाचेल."

भाकरी तव्यावर पडली. बाबा गेल्यापासून आम्ही दोघी एकमेकींशी फार जपून बोलत होतो. हे पहिलंच भांडण, आणि त्यात थोडं बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला देवरेसाहेबांकडे नेलं. उपअभियंता देवरे बाबांहून वयाने लहान होते, पण बाबांना मानायचे. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले.

"ताई, वहिनींना तुम्हीच समजवा," ते म्हणाले. "त्यांच्या हातचं जेवलोय मी. त्या दाराबाहेर स्टुलावर बसणार आणि मी आत बसून काम करणार, जमायचं कसं? तुम्ही क्लार्क म्हणून या. सन्मानाने या. पीएच.डी. काय, बाहेरूनही करता येते."

"प्रयोगशाळा बाहेरून करता येत नाही, साहेब."

"बरोबर," ते म्हणाले आणि त्यांनी पेपरवेट खाली ठेवला. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. काकाच मध्ये पडले. "साहेब, पोरगी शहाणी आहे. ती ऐकेल."

आणि मी ऐकलं. त्यात कुणाची जबरदस्ती नव्हती. घरी आले, बाबांच्या टेबलाशी बसले आणि बंगलोरच्या प्राध्यापकांना इंग्रजीत पत्र लिहिलं. कौटुंबिक कारणामुळे येऊ शकत नाही, माझी जागा दुसऱ्याला द्यावी. चार ओळींचं पत्र. लिहिताना एकही शब्द खोडावा लागला नाही याचा मला अभिमान वाटला. पाकिटाला तिकीट लावून मी चपला घालत होते.

"कुणाला?" आईने विचारलं.

"प्राध्यापकांना. येत नाही म्हणून."

"का?"

"का म्हणजे काय? तुझ्यासाठी."

"मला विचारलंस?"

"यात काय विचारायचं, आई? तू चार माणसांच्या उष्ट्या कपबश्या उचलणार आणि मी तिकडे—"

"वैजू, चप्पल काढ. बस."

मी तिच्यामागे स्वयंपाकघरात जाऊन बसले. ती समोर पाटावर बसली. आवाज तिने जराही चढवला नाही.

"तू तिसरीत होतीस. वसाहतीत बालवाडी निघाली. त्या साठेबाई होत्या ना, आरोग्य केंद्रातल्या, त्या घरी आल्या. म्हणाल्या, मुलांना सांभाळायला तुम्हीच या, तुमच्याकडे मुलं रमतात. मी हो म्हटलं. सोमवारी जायचं होतं. नेसायची साडी काढून ठेवली होती, ती अबोली रंगाची. रविवारी तुझ्या बाबांना कळलं. रागावले नाहीत. कधी रागावायचेच नाहीत ते. म्हणाले, इंदू, अभियंत्याच्या बायकोनं दुसऱ्यांची शेंबडी पोरं पुसायची? लोक म्हणतील, याचं भागत नाही का? तुला कशाला तो त्रास. तू आरामात राहा."

"मग?"

"मग काय. साडी परत कपाटात ठेवली."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू तिसरीत होतीस म्हटलं ना. आणि पुढं सांगण्यासारखं काय होतं त्यात? माणूस चांगलाच होता. मला कधी एक शब्द टाकून बोलले नाहीत. पण त्यांनी मला विचारलं नाही, सांगितलं. आत्ता तू सांगतेयस."

"मी तुझ्यासाठी म्हणून—"

"तेही माझ्यासाठीच म्हणाले होते."

बाबांना जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. त्यांच्याबद्दल असं काही ऐकायची माझी तयारी नव्हती, आणि ऐकलेलं परत देता येत नव्हतं. मला राग आला, तो आईचा की बाबांचा, तेही नीट कळेना.

"बालवाडी निराळी," मी म्हणाले. "शिपाई निराळं."

"निराळंच. बालवाडी बंद पडली. ही जागा रिकामी आहे." ती थोडी पुढे सरकली. "मला सकाळी घराला कुलूप लावून निघायचंय, वैजू. संध्याकाळी दमून यायचंय. कुणी विचारलं, काय करता, तर सांगायला काहीतरी हवंय. महिना भरला की सही करून पगार घ्यायचाय. माझी सही. उष्ट्या कपबश्या मी आत्ताही उचलते, त्याचे कुणी काही देत नाही."

"आणि लोक?"

"लोकांना भ्यायचं काम तुझ्या बाबांचं होतं. मी कशाला भिऊ?"

मी हातातलं पाकीट उलटसुलट करत राहिले.

"आणि एक," ती उठता उठता म्हणाली. "तू बंगलोरला जा नाहीतर घरात माशा मार. मी अर्ज करणारच. माझ्या नावावर तुझं शिक्षण सोडू नकोस. सोडायचं असेल तर तुझ्या नावावर सोड. आहे हिंमत?"

हिंमत नव्हती. मला जायचं होतं. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा, कुठेतरी आत, मला जायचंच होतं. तिने ते नुसतं ओळखलंच नव्हतं, त्याची लाज वाटून घ्यायची सोयही तिने मला ठेवली नव्हती.

आईने माझ्या हातातलं पाकीट घेतलं, चहाच्या आधणाच्या वाफेवर धरलं आणि तिकीट अलगद सोडवून घेतलं.

"वाया कशाला," ती म्हणाली. "दुसरं पत्र लिही. वडील वारलेत, यायला थोडा उशीर होईल, म्हणावं. माणसंच असतील ना ती?"

माणसंच निघाली. सप्टेंबरअखेरपर्यंत हजर व्हावं अशी तार आली.

तहसील कचेरीत काका आमच्याबरोबर आले. न येऊन चालणार नव्हतं. त्यांना अजून आशा होती. जिन्यातच त्यांनी मला बाजूला घेतलं.

"सही करू नकोस. मी तुझ्या वडिलांच्या ठिकाणी आहे."

"काका, तुम्ही काकांच्या ठिकाणी आहात."

"शिपायाची पोर म्हणतील तुला. एक स्थळ येणार नाही."

आई दोन पायऱ्या वर होती. तिने वळून पाहिलं. "मग तर निवांत शिकून होईल तिचं."

आत नायब तहसीलदार होते. त्यांनी कागद वरवर चाळला, एम.एस्सी. झालेली मुलगी पाहिली, शेजारी पांढऱ्या कपाळाची बाई पाहिली आणि सवयीने आईलाच म्हणाले, "आई, मुलीला नोकरी द्यायला तुमची काही हरकत नाही ना?"

"मला काय विचारता? तिला विचारा. नोकरी मला हवीये."

त्यांनी कागद पुन्हा वाचला. या वेळी पूर्ण वाचला. "असं उलटं कसं?"

"तेच म्हणतो मी," काका म्हणाले. "साहेब, पोरीच्या मनावर परिणाम झालाय. वडील नुकते गेलेत. तिला काही सुचत नाहीये. आठ-पंधरा दिवस थांबू."

नायब तहसीलदारांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. शेजारच्या टेबलावरचा कारकूनही लिहायचा थांबला. मला रडू येईल असं वाटत होतं. गेले महिनाभर रोज येत होतं. तेव्हा आलं नाही.

"काका," मी म्हणाले, "बाबा गेलेत. मी नाही गेले." मग टेबलाकडे वळले. "श्रीमती इंदुमती मधुकर गाडेकर यांना नोकरी द्यायला माझी हरकत नाही. त्यांना शिपायाची जागा हवी आहे आणि त्या ती मागतायत. सही कुठे करू?"

काका आमच्या आधीच जिना उतरून गेले. त्यानंतर दोन-तीन वर्षं ते आमच्याकडे आले नाहीत.

सप्टेंबरच्या मध्यावर आईचा आदेश आला. अभियंत्याचं क्वार्टर सोडायचं होतं. वर्ग चारच्या चाळीत, मैदानाच्या पलीकडे, दोन खोल्या मिळाल्या. काकांनी कुणाकरवी निरोप धाडला, की निदान सामान तरी अंधार पडल्यावर हलवा. आई म्हणाली, "अंधारात मला दिसत नाही." ऑफिस भरायच्या वेळेला तिने हातगाडी बोलावली. कपाट, कॉट, बाबांचं टेबल, डबे, तुळशीची कुंडी, सगळं मैदानाच्या मधोमध नेलं. कडेची पाऊलवाट होती, पण तिने हातगाडीवाल्याला तिकडे वळू दिलं नाही. ऑफिसच्या व्हरांड्यात माणसं उभी राहून बघत होती. आई पुढे चालत होती आणि ओळखीचं कुणी दिसलं की, "या हो चहाला, तिकडे," असं पलीकडे हात करून सांगत होती.

ती निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. या फेब्रुवारीत ती गेली. भेटायला येणारा प्रत्येकजण हेच म्हणतो, "तुझ्यासाठी शिपायाची नोकरी केली हो माउलीनं. केवढा त्याग." मी प्रत्येकाला थांबवते. म्हणते, नाही, माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी केली, तिला हवी होती. ते मान हलवतात. त्यांना वाटतं, दुःखात काहीतरी बोलतेय बिचारी. परवा एका आतेभावाने तर घराबाहेरच्या फळ्यावर 'त्यागमूर्ती' असा शब्द लिहिला. मी ओल्या फडक्याने तो पुसून टाकला. त्याला वाईट वाटलं. वाटू दे.

तिचा नोकरीचा पहिला दिवस मी पाहिलेला आहे.

त्याच दिवशी दुपारच्या बसने मला पुण्याला आणि तिथून बंगलोरला निघायचं होतं. ट्रंक घेऊन मी ऑफिसात निरोप घ्यायला गेले आणि अभ्यागतांच्या बाकावर बसले. साहेबांच्या दाराबाहेर दोन स्टुलं असायची, दोन शिपायांची. त्यातलं एक गायब होतं आणि तिथे हाताची खुर्ची ठेवली होती, वर उशी. ती रंगनाथने, जुन्या शिपायाने, घरून आणली होती.

आई आली. अबोली नव्हती, पण इस्त्रीची साडी होती. तिने खुर्चीकडे पाहिलं.

"हे काय, रंगनाथराव?"

"वयनी, आवो तुमी काय स्टुलावर बसनार व्हय?"

"तुम्ही कशावर बसता?"

"आमचं काय, आमी..."

"स्टूल आणा. आणि उशी घरी न्या, तुमच्या कमरेला लागेल ती."

स्टूल आलं. ती बसली. पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते, म्हणून पुढे सरकून बसली. माझ्याकडे एकदाच पाहिलं, हसली नाही. मीही नाही हसले. मला एवढंच कळत होतं, की हा दिवस जर मोडला, कुणी दयेने तिला आज घरी पाठवलं, तर ती उद्या परत येईल, पण शिपाई म्हणून येणार नाही, सगळ्यांची वहिनी म्हणून येईल. आणि मग मला बसमध्ये बसता येणार नाही.

आत घंटी वाजली. रंगनाथ ताडकन उठला. "बसा वयनी, मी जातो."

"तुम्ही आत्ताच जाऊन आलात ना, रंगनाथराव? मग बारी कुणाची?"

रंगनाथने खाली मान घातली. "तुमची."

"मग?"

तो बसला. आईने पदर खोचला, तांब्यातून पेला भरून ताटलीवर ठेवला आणि दार ढकलून आत गेली. दार अर्धं उघडंच राहिलं. देवरेसाहेबांनी मान वर केली आणि ते उभे राहिले. नुसते उभे नाहीत, टेबलाला वळसा घालून पुढे यायला निघाले.

"अहो वहिनी, तुम्ही कशाला, रंगनाथ कुठे—"

"साहेब, बसा."

"पण वहिनी—"

"तुम्ही उभे राहिलात तर मला नोकरी करता येणार नाही."

बाहेर बाकावर माझ्या शेजारी दोन ठेकेदार बसले होते. त्यांचं बोलणं थांबलं.

"बसा," आई पुन्हा म्हणाली. आवाज तोच, स्वयंपाकघरातला.

देवरेसाहेब परत फिरले. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. आईने पेला ठेवला.

"घंटी कशाला वाजवलीत?"

टेबलावरचे कागद सरकले. मग साहेबांचा घोगरा आवाज. "ही फाईल... खरमाळेंकडे द्यायची होती."

"द्या."

ती फाईल काखेत धरून बाहेर आली आणि माझ्यासमोरून जाताना थांबली नाही.

"बस चुकेल तुझी," ती म्हणाली. "पोचल्यावर पत्र टाक. आणि हे बघ, कामाच्या वेळात असं भेटायला यायचं नाही."

"हो," मी म्हणाले.

लांबलचक दालनातून ती टेबलांच्या मधून चालत गेली. बाबांना ओळखणारे एकेक जण खुर्चीतून अर्धे उठत होते. ती कुणाकडेच थांबली नाही, फक्त पाहत होती, आणि तिने पाहिलं की ते बसत होते. शेवटी खरमाळे उठले. तिने त्यांच्याकडेही पाहिलं. खरमाळे बसले, त्यांनी हात पुढे केला आणि फाईल घेतली.

मी ट्रंक उचलली. कचेरीभर सगळे बसलेले होते. आई तेवढी चालत होती.